आणीबाणीच्या काळातील मराठी वाङ्मयीन अंकांचा संग्रह : सीमाभागातील संग्राहकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या भागांतील अनेक जुन्या घरांच्या माळ्यांवर १९६० ते १९८० या काळातील मराठी नियतकालिकांचे गठ्ठे अजूनही पडून आहेत. घर पाडायचे ठरते किंवा वाटण्या होतात, तेव्हा हे गठ्ठे एका दुपारीत रद्दीच्या काट्यावर जातात. त्यापूर्वी ते कोणाच्या तरी जाणत्या नजरेखालून जावेत, यासाठी नव्या संग्राहकांकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

येथे कोणत्या अंकांचा विचार केला आहे?

मुख्य काळ आणीबाणीचा आहे, म्हणजे २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७ पर्यंतचा. परंतु केवळ या एकवीस महिन्यांपुरता संग्रह केला, तर त्याचा अर्थ लागत नाही. मुंबईत १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या 'शब्द'पासून लघुअनियतकालिकांची, म्हणजे ठरावीक मुदतीशिवाय निघणाऱ्या लहान अंकांची, जी चळवळ उभी राहिली, तिने मोठ्या प्रकाशनसंस्थेचा किंवा जाहिरातदाराचा आधार न घेता अंक काढण्याची सवय मराठीला लावली होती. अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा', राजा ढाले यांची 'येरू' आणि 'चक्रवर्ती' ही त्या परंपरेतील ठळक नावे आहेत. ही पहिली लाट आणीबाणीच्या आधीच ओसरू लागली होती. तरीही धाक दाखवला जात असताना स्वतःच्या खर्चाने चार फर्मे (छपाईचे ताव) छापायचे बळ पुढच्या लोकांना कोठून मिळाले, हे समजण्यासाठी ते आधीचे अंक जवळ असावे लागतात. म्हणून १९५४ ते १९८० हा पल्ला धरावा आणि त्याच्या मध्यभागी आणीबाणी ठेवावी, असे माझे मत आहे.

आणीबाणीत वाङ्मयीन अंकांवर नेमके कोणते निर्बंध होते?

२६ जून १९७५ रोजी भारत संरक्षण नियमांखाली पूर्वपरीक्षणाचा आदेश निघाला आणि ठरावीक विषयांवरील मजकूर छापण्यापूर्वी तो अधिकाऱ्याला दाखवणे बंधनकारक झाले. पुढे डिसेंबर १९७५ मध्ये आक्षेपार्ह मजकुराच्या प्रकाशनाला प्रतिबंध करणारा अध्यादेश आला, १९७६ च्या आरंभी त्याचे कायद्यात रूपांतर झाले आणि सत्ताबदलानंतर एप्रिल १९७७ मध्ये तो कायदा रद्द झाला. दैनिकांच्या तुलनेत मासिकांकडे आणि अनियतकालिकांकडे परीक्षकाचे लक्ष कमी होते, असा एक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. कवितेतला आशय परीक्षकाला अनेकदा कळत नसे, हे खरे असले तरी लहान संपादकाची खरी अडचण छापखान्यापाशी होती. कारण छापखान्याच्या मालकाला स्वतःच्या यंत्राची आणि अनामत रकमेची काळजी असे, आणि लेखी हुकूम नसतानाही तो 'एवढे पान तेवढे बदला' असे सांगू शकत असे. त्यामुळे या अंकांतील कित्येक कपातींची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

निर्बंधांचा परिणाम अंकाच्या अंगावरही दिसतो. आरंभी काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मग कोऱ्या जागा सोडण्यालाच मनाई झाली. म्हणून १९७५ च्या उत्तरार्धातील अंकात अकस्मात आलेला संतांचा अभंग, एखादे जुने ललित, मोठ्या टाइपात छापलेले साधेसे अवतरण किंवा पानांचे चुकलेले क्रमांक दिसले, तर त्या जागी मुळात दुसरे काही असावे अशी शंका घेण्यास जागा असते. ही केवळ शंकाच आहे. लहान छापखान्यांत पानांचे क्रमांक एरवीही चुकत असत. शेजारच्या अंकांशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

न्यायालयांनीही काही वेळा नियतकालिकांच्या बाजूने निर्णय दिले. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या इंग्रजी मासिकातील मजकूर परीक्षकाने अडवला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये मासिकाच्या बाजूने निकाल दिला. 'भूमिपुत्र' या गुजराती पाक्षिकाच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी परीक्षकाच्या अधिकाराला मर्यादा घातल्या. मराठी संग्रहात हे दोन अंक नसले तरी चालेल, पण त्या निकालांची माहिती संग्राहकाला असली पाहिजे.

आरंभी कोणते अंक शोधावेत?

सर्वांत आधी 'साधना'. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या या साप्ताहिकाने यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली आणीबाणीला उघड विरोध केला आणि त्यासाठी सरकारी कारवाईही सोसली. सीमाभागात राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी कार्यकर्त्यांच्या घरी 'साधना' नेमाने येत असे, त्यामुळे तिचे अंक येथे तुलनेने अधिक सापडतात. त्यानंतर श्री. ग. माजगावकर यांचे 'माणूस', डाव्या विचारांच्या तरुणांनी सुधीर बेडेकर यांच्या संपादनाखाली चालवलेला 'मागोवा' आणि गंगाधर पानतावणे यांचे औरंगाबादहून निघणारे 'अस्मितादर्श' यांचा शोध घ्यावा. 'अस्मितादर्श' येथे तुरळक मिळते, म्हणून दिसले की मागे ठेवू नये.

डिसेंबर १९७५ मध्ये बेळगाव-पुणे रस्त्यावरच्या कराडला झालेल्या साहित्य संमेलनाशी संबंधित कागदांकडे मी विशेष लक्ष देण्यास सांगतो. दुर्गा भागवत या त्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या, स्वागताध्यक्षपदी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि त्याच व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. सीमाभागातील पुष्कळ वाचक त्या संमेलनाला गेले होते. त्यांच्या गठ्ठ्यांत कार्यक्रमपत्रिका, प्रतिनिधी पत्रे आणि संमेलनानंतरच्या अंकांतील वृत्तान्त सापडू शकतात.

बेळगाव परिसरात हे अंक कोठे मिळतात?

दुकानात जवळजवळ मिळत नाहीत. मिळतात ते घरांत. निवृत्त शिक्षक, वकील, लहान गावातील वाचनालयाचे जुने कार्यवाह, सहकारी बँकांतून निवृत्त झालेले कारकून आणि डाव्या चळवळीत वावरलेले कार्यकर्ते यांच्या घरी हा ठेवा टिकून आहे. निपाणीत तंबाखू वखारींतील कामगारांच्या संघटनांमुळे वाचनाची एक वेगळी परंपरा निर्माण झाली, तिचा माग घेतल्यास चळवळीची पत्रके आणि वाङ्मयीन अंक एकाच पेटीत आढळतात. बेळगावात टिळकवाडी, शहापूर आणि अनगोळ येथील जुनी घरे मोठ्या संख्येने पाडली जात आहेत, म्हणून तेथे ओळखीच्या माणसांमार्फत आधीच शब्द टाकून ठेवावा.

रद्दीवाल्यांशी सलोख्याचे संबंध ठेवावेत आणि त्यांना वजनाच्या भावापेक्षा ठरवून अधिक पैसे द्यावेत. त्यांनी एक गठ्ठा दोन दिवस बाजूला ठेवला, तरी आपले काम होते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, कारदगा येथे दरवर्षी भरणारी ग्रामीण मराठी साहित्य संमेलने ही तर या कामाची उत्तम जागा आहे. तेथे येणाऱ्या ज्येष्ठ श्रोत्यांपैकी अनेकांनी त्या काळी वर्गणी भरलेली असते, आणि कोणी तरी आस्थेने विचारावे याची त्यांना प्रतीक्षाही असते.

दुर्मिळ असा एकेक अंक निवडून घ्यावा, की संपूर्ण गठ्ठा घ्यावा?

संपूर्ण गठ्ठा घ्यावा. या सर्व उत्तरांतील जर एकच गोष्ट कोणी पाळणार असेल, तर ती ही असावी, असे मला वाटते.

पुण्यामुंबईत छापलेल्या अंकाची प्रत पुण्यामुंबईतही मिळू शकते. जी तेथे मिळणार नाही, ती म्हणजे तोच अंक खानापूरच्या एका शिक्षकाने कोणत्या अंकांच्या सोबतीने वाचला, कशाखाली रेघ ओढली, कोणत्या कवितेशेजारी प्रश्नचिन्ह काढले आणि वर्गणी केव्हा थांबवली, ही माहिती. राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून हा प्रदेश मराठी प्रकाशनव्यवहाराच्या प्रशासकीय सीमेबाहेर गेला, तरी येथील वाचकाने टपालाने तो व्यवहार स्वतःच्या घरापर्यंत ओढून आणला, आणि आणीबाणीसारख्या काळात असा अंक नावानिशी मागवणे हे धाडसच होते. त्या वाचकाचा पुरावा गठ्ठ्यात असतो. आपण त्यातून 'चांगले' चार अंक उचलून बाकीचे रद्दीत सोडले, तर तो पुरावा कायमचा विस्कटतो.

म्हणून गठ्ठा घरी आणल्यावर लगेच लावू नये. जसा मिळाला त्याच क्रमाने छायाचित्रे घ्यावीत, तो कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या घरातून आणि कोणाच्या परवानगीने मिळाला हे वहीत लिहावे, आतील पोस्टकार्डे, पावत्या, रेल्वेची तिकिटे आणि कात्रणे ज्या पानांत होती त्या पानांचा क्रमांक नोंदवावा, आणि मगच अंक वेगळे करावेत. घरातील ज्येष्ठ व्यक्ती बोलण्यास तयार असेल, तर तिचे बोलणे परवानगीने ध्वनिमुद्रित करावे. अंक दहा वर्षांनी मिळेल; ते माणूस मिळणार नाही.

अंकावर महिना किंवा साल नसेल, तर काळ कसा ठरवावा?

लघुअनियतकालिकांत ही अडचण नेहमीची आहे, कारण काही संपादक नोंदणीच्या कटकटी टाळण्यासाठी मुद्दाम तारीख देत नसत किंवा अंकावर 'खाजगी वितरणासाठी' असे छापत. मात्र १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यानुसार मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे आवश्यक असे, त्यामुळे मलपृष्ठाच्या तळाशी असलेली बारीक टाइपातील ओळ सर्वप्रथम वाचावी. एकाच छापखान्यातून निघालेल्या दुसऱ्या, तारीख असलेल्या अंकाशी टाइप आणि कागद ताडून पाहता येतो.

किंमत हा दुसरा आधार आहे. आण्यांतली किंमत असल्यास अंक बहुधा एप्रिल १९५७ पूर्वीचा किंवा त्यानंतरच्या संक्रमणकाळातील असतो. 'नये पैसे' असे छापले असल्यास तो १९५७ ते १९६४ या दरम्यानचा समजावा.

आपल्या भागासाठी मात्र सर्वांत उपयोगी पुरावा म्हणजे टपालाचे वेष्टन आणि पत्त्याची चिठ्ठी, जी लोक निरुपयोगी म्हणून टाकून देतात. पत्त्यात 'म्हैसूर राज्य' असे लिहिले असेल, तर अंक सामान्यतः १ नोव्हेंबर १९७३ पूर्वीचा असतो, कारण त्या दिवशी राज्याचे नाव कर्नाटक झाले. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, म्हणून '५९०००१' असा क्रमांक असलेली बेळगावची चिठ्ठी त्यानंतरचीच असणार. काही कार्यालये जुन्या छापील चिठ्ठ्या संपेपर्यंत वापरत असत, त्यामुळे 'म्हैसूर' या शब्दावर एकट्यावर विसंबू नये. पिनकोड मात्र फसवत नाही. टपालाचा शिक्का वाचता आला, तर तो या सर्वांपेक्षा श्रेष्ठ.

सायक्लोस्टाइल केलेला मूळ अंक आणि त्याची झेरॉक्स प्रत यांतील फरक कसा ओळखावा?

सायक्लोस्टाइलसाठी मेणाच्या स्टेन्सिलवर टंकलेखन यंत्राने किंवा टोकदार लेखणीने अक्षरे कोरली जात आणि शाई त्यातून झिरपून कागदावर उतरत असे. या शाईत तेल असल्यामुळे पन्नास वर्षांनी अक्षरांभोवती फिकट पिवळसर कडा दिसते, आणि कागद खरबरीत व शोषक असतो. मराठी अंकांत शीर्षके आणि रेखाचित्रे बहुधा हाताने कोरलेली असतात, त्यांच्या रेषांची जाडी सारखी नसते. झेरॉक्सची काळी भुकटी कागदाच्या पृष्ठभागावर बसलेली असते आणि तिरप्या उजेडात किंचित चमकते. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छापलेल्या अंकाच्या पानाच्या मागील बाजूवरून बोट फिरवले, तर दाबाचा उठाव जाणवतो. झिजलेला एखादा खिळा प्रत्येक पानावर त्याच दोषासह येतो, आणि त्यावरून जुळाऱ्याकडे किती तुटपुंजा टाइप होता हेही कळते.

झेरॉक्स प्रत टाकून देऊ नये. मूळ अंक कोठेच उपलब्ध नसेल, तर तीच आपली प्रत.

वाचनालयाचा शिक्का असलेला अंक घ्यावा का?

घेण्यापूर्वी चौकशी करावी. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची परंपरा १८४८ पासूनची आहे, आणि या भागात लहानमोठी अनेक वाचनालये होऊन गेली. त्यांपैकी जी बंद पडली, त्यांचे अंक घरोघरी विखुरले आणि त्यांत काही गैर नाही. चालू वाचनालयाचा शिक्का असेल आणि तो अंक रद्द केल्याची नोंद त्यावर नसेल, तर आधी त्या वाचनालयाला विचारावे आणि त्यांनी मागितल्यास तो परत करावा. शिक्का खोडणे किंवा शिक्क्याचा कोपरा कापणे हे संग्राहकाला न शोभणारे कृत्य आहे. ज्या अंकावर असे केलेले दिसते, तो अंक मी विकत घेत नाही.

योग्य किंमत किती?

या अंकांचा स्थिर असा बाजार नाही, म्हणून दरपत्रक देता येत नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या किमती बहुतेक वेळा विक्रेत्याच्या अपेक्षा असतात. घरमालकाला रद्दीचा भाव सांगून मौल्यवान गठ्ठा उचलणे अप्रामाणिक आहे. त्यात काय आहे हे त्यांना सांगावे, आणि मग व्यवहार करावा. सांगितल्यानंतर कित्येक घरे तो विनामूल्य देतात, मात्र जपण्याचा शब्द मागतात.

येथील पावसाळ्यात अंक कसे जपावेत?

जूनपासून सप्टेंबरपर्यंतची ओल हा येथील संग्रहाचा मुख्य शत्रू आहे, आणि खानापूर-लोंढ्याकडे ती आणखी तीव्र असते. त्यात हे अंक बहुतांशी वृत्तपत्री कागदावर छापलेले आहेत. या कागदातील लाकडाचा अंश प्रकाशात आणि उष्णतेत आम्ल तयार करतो, त्यामुळे पान आधी पिवळे पडते आणि पुढे घडीवर तुटते.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. मध्ये हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे आणि सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवावा. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहावी असे शास्त्र सांगते. आपल्याकडे आषाढात ते घरगुती साधनांनी साधत नाही, परंतु आर्द्रतामापक ठेवून झाकणबंद पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्या नियमाने बदलल्यास मोठा फरक पडतो. अंक आम्लरहित कागदाच्या पाकिटात, आडवे ठेवावेत. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून त्या जागी सुती दोरा घालावा, कारण गंज कागद खात जातो. कडुलिंबाची पाने किंवा डांबरगोळ्या पानांच्या मध्ये घालण्याची जुनी रीत सोडून द्यावी. कडुलिंबाच्या पानांचे डाग कायम राहतात आणि गोळ्यांची वाफ वाचकालाही अपायकारक असते.

कसर लागलेला गठ्ठा इतर संग्रहाजवळ आणण्यापूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. वाळवी लागलेली असेल, तर अंकांवर उपचार करण्याआधी भिंतीवर आणि जमिनीवर उपचार करावे लागतात. ओले अंक उन्हात वाळवू नयेत. सावलीत, पंख्याखाली, पानांत कोरा टिपकागद घालून वाळवावेत.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये.

अंकांची पुठ्ठा-बांधणी करून घ्यावी का?

नाही. बांधणीत कडा छाटल्या जातात, मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकल्या जातात, आणि समासातील वाचकाच्या नोंदी कापल्या जातात. आधीच बांधलेले खंड मिळाल्यास ते मात्र उसवू नयेत.

त्या काळी जप्त झालेला अंक आज जवळ बाळगणे कायदेशीर आहे का?

आणीबाणीतील पूर्वपरीक्षणाचे आदेश आणि १९७६ चा कायदा आज अस्तित्वात नाहीत, त्यामुळे त्यांच्या आधारे अडवलेला अंक संग्रही असणे हा गुन्हा ठरत नाही. एखाद्या विशिष्ट पुस्तकावर किंवा अंकावर अन्य कायद्याखाली स्वतंत्र जप्ती आदेश असल्याची शंका असेल, तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

अंक स्कॅन करून सर्वांना उपलब्ध करून देता येतील का?

स्कॅन अवश्य करावे, मात्र सर्वांना उपलब्ध करून देण्याआधी हक्क तपासावेत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो, आणि निनावी किंवा टोपणनावाने छापलेल्या मजकुराबाबत, लेखकाची ओळख उघड झालेली नसल्यास, प्रकाशनापासून साठ वर्षे मोजली जातात. अंक आपल्या मालकीचा झाला, म्हणून त्यातील कविता आपल्या मालकीची होत नाही. अनुक्रमणिका, संपादकांची आणि लेखकांची नावे, मुद्रणस्थळ ही माहिती मात्र मोकळेपणाने प्रसिद्ध करावी. अभ्यासकाला अर्धे साहाय्य तेथेच होते. स्कॅन किमान ३०० डीपीआयचे आणि रंगीत असावे, कारण पेन्सिलीच्या खुणा कृष्णधवल प्रतीत हरवतात.

टोपणनावांबाबत एक विनंती आहे. त्या काळी कोणी नोकरी जपण्यासाठी दुसऱ्या नावाने लिहिले असेल आणि त्याने स्वतः नंतर ते उघड केले नसेल, तर आपण कुटुंबाला विचारल्याशिवाय ते उघड करू नये.

सीमालढ्याची पत्रके या संग्रहात ठेवावीत का?

ठेवावीत, परंतु वेगळ्या पेटीत आणि परस्पर संदर्भाची नोंद करून. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारापासून १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनापर्यंतचा कागद हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची तऱ्हा वाङ्मयीन अंकांहून भिन्न आहे. तरी येथील वाचकाच्या गठ्ठ्यात दोन्ही एकत्र असतील, तर ते एकत्र होते ही नोंद गमावू नये.

मराठी संग्राहकाने कन्नड अंकांकडे लक्ष द्यावे का?

निश्चितच द्यावे, आणि आपण ते पुरेसे दिलेले नाही. चंद्रशेखर पाटील, गिरड्डी गोविंदराज आणि सिद्धलिंग पट्टणशेट्टी यांनी १९६४ मध्ये धारवाडहून सुरू केलेले 'संक्रमण' हे कन्नडमधील महत्त्वाचे लघुनियतकालिक होते, आणि चंद्रशेखर पाटील यांनी आणीबाणीला विरोध करून तुरुंगवासही भोगला. धारवाड आपल्याला पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. बेळगाव आणि निपाणीच्या समाजवादी घरांत 'साधना' आणि कन्नड अंक एकाच फळीवर असल्याचे आढळते, आणि दोन्ही भाषा वाचणारे ते वाचक हे या सीमाभागाचे खरे वैशिष्ट्य होते. कन्नड येत नसेल, तरी तो अंक बाजूला काढून टाकू नये. शेजारच्या कन्नड मित्राकडून अनुक्रमणिका वाचून घ्यावी आणि देवनागरीत नोंद करावी.

आपल्या पश्चात संग्रहाचे काय करावे?

हे हयातीतच ठरवावे आणि लेखी ठरवावे. देणगी देण्यापूर्वी त्या ग्रंथालयाला चार गोष्टी विचाराव्यात : नियतकालिकांसाठी स्वतंत्र जागा आहे का, यादी किती काळात होईल, जादा प्रती विकल्या जातात का, आणि सीमाभागातील अभ्यासकाला प्रत पाहण्यास मिळेल का. शक्य असेल तर संग्रह याच भागात राहावा. तो दूरच्या मोठ्या संस्थेकडे द्यावाच लागला, तर वहीतील नोंदींची आणि स्कॅनची एक प्रत बेळगावातील एखाद्या वाचनालयात ठेवून मगच पेट्या हलवाव्यात. घरातील पुढच्या पिढीला मराठी वाचण्याची सवय राहिली नसेल, तर प्रत्येक पेटीवर आत काय आहे आणि कोणाला कळवायचे, हे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहून ठेवावे.